दवाखान्याच्या गच्चीवरचे ऊन आणि सांडपाण्यातील प्रतिजैविके

(एक चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

वीस खाटा
परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा वीस खाटांचा दवाखाना आहे. गावात मैलापाणी शुद्धीकरणाची सोय नाही. दवाखान्याचे सांडपाणी सेप्टिक टँकमधून नालीत आणि नालीतून ओढ्यात जाते; ओढ्याच्या काठी मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत. गेली बावीस वर्षे मी प्रतिजैविके लिहून देत आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या तोंडी मात्रेपैकी साधारण ४० ते ५० टक्के भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. तरीही तो भाग पुढे कोठे जातो, हा प्रश्न मला गेल्या महिन्यापर्यंत पडला नव्हता, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

गेल्या महिन्यात मूत्रमार्गाच्या संसर्गाचे तीन रुग्ण आले आणि तिघांच्याही कल्चरच्या अहवालात औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही) हेच अक्षर होते. त्यानंतर वाचन सुरू केले, तेव्हा सूर्यप्रकाशावर काम करणाऱ्या उत्प्रेरकांविषयी कळले. आपल्याकडे तुटवडा पाण्याचा आहे, उन्हाचा नाही. म्हणून जाणकारांना विचारतो की, गच्चीवर उथळ ट्रे मांडून, त्यांत असा उत्प्रेरक टाकून दवाखान्याचे पाणी नालीत सोडण्यापूर्वी प्रतिजैविकमुक्त करता येईल काय?

तांब्याभांडे
यात नवीन ते काय? पारदर्शक बाटलीत पाणी भरून सहा तास उन्हात ठेवायचे, हे आम्हांला साक्षरतेच्या शिबिरातच शिकवले होते. त्याला उत्प्रेरकही लागत नाही.

मफल भट्टी
तांब्याभांडे, बाटलीच्या पद्धतीत ऊन जंतूंना मारते. येथे प्रश्न जंतू मारणाऱ्या औषधाच्या रेणूचा आहे. जंतू मेला तरी रेणू तसाच राहू शकतो. पाणी उकळल्यानेही हे काम भरवशाने होत नाही आणि तुरटी फिरवल्याने तर विरघळलेले औषध बहुतांशी जागचे हलत नाही.

मी संभाजीनगरला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याच विषयावर चार वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होऊ शकते. त्यामागचे तत्त्वच येथे वापरले जाते. प्रकाशाचा पुरेशा ऊर्जेचा कण पदार्थावर आदळला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडी घेतो आणि खाली धनभारित रिकामी जागा राहते. ही जोडी पुन्हा एक होण्यापूर्वी पृष्ठभागावर पोहोचली, तर पाणी आणि विरघळलेला ऑक्सिजन यांच्याशी तिची क्रिया होऊन हायड्रॉक्सिल आणि सुपरऑक्साइड ही मुक्त मूलके तयार होतात. हायड्रॉक्सिल मूलक हे इतके आक्रमक असते की, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे ते लचके तोडते. त्याची ही आंधळी भूक हाच त्याचा गुण आहे आणि तोच त्याचा दोषही आहे. त्याविषयी पुढे येईलच.

टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतो. परंतु त्याच्या ॲनाटेज रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. उरलेले ऊन त्याच्या दृष्टीने वाया जाते. म्हणून दृश्य प्रकाशात चालणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. बिस्मथ व्हॅनाडेट हा त्यांपैकी एक. दुसरा, आमच्या भट्टीतला, ग्राफाइटसदृश कार्बन नायट्राइड; त्याला २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, त्यामुळे निळ्या प्रकाशापर्यंतचे ऊन त्याच्या कामी येते.

तो तयार करण्याची कृती स्वयंपाकाइतकी सोपी आहे. झाकणाच्या चिनी मातीच्या मुशीत युरिया भरायचा आणि मफल भट्टीत ५५० अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा. अमोनियाच्या वासाने शेजारच्या वर्गातील मुले नाक धरून बाहेर येतात. झाकण काढले की तळाशी डाळीच्या पिठाच्या रंगाचा, फुंकर मारली तर उडेल असा हलका भुगा मिळतो. १० ग्रॅम युरियातून आमच्या हाती सरासरी ०.४ ग्रॅम पडत असे.

निम्मा शिक्षक निम्मा शेतकरी
युरिया सोसायटीच्या गोदामातून आणला होता काय? हल्ली सगळा युरिया नीमकोटेड येतो, त्यामुळे आपल्या उत्प्रेरकाला कडुनिंबाचा गुणही लागला असेल. पाडव्याला प्रसाद म्हणून वाटता येईल.

मफल भट्टी
प्रयोगशाळेतील शुद्ध युरिया होता, साहेब. गोणीतला एकदा करून पाहिला; भुगा तयार झाला, परंतु रंग करपट आला आणि मार्गदर्शकांचा चेहराही तसाच झाला.

तुरटी
मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे, लातूरला असतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा नोकरीत होतो. ज्या शहराने प्यायचे पाणी रेल्वेने येताना पाहिले, तेथे सांडपाण्याचे काय होते, हे विचारायला कोणाला सवड नव्हती, हेही आठवते.

डॉक्टरांच्या हेतूविषयी आदर राखून एक शंका मांडतो. वीस खाटांच्या दवाखान्याने गच्चीवर ट्रे मांडून एकूण परिस्थितीत कितीसा फरक पडेल? २००७ साली स्वीडिश शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील तपासण्या प्रसिद्ध केल्या. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे 'शुद्ध' केलेल्या पाण्यात, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले होते. त्यापुढे दवाखान्याची नाली म्हणजे किस झाड की पत्ती.

वीस खाटा
तुरटीसाहेब, हा आकडा मी दोनदा वाचला. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यानंतर रुग्णाच्या रक्तात औषधाची पातळी लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे त्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी माझ्या रुग्णाच्या रक्तापेक्षा दहापट औषधी होते.

काळी माती
मी देगलूरकडचा शेतकरी. पाटनचेरूचे नाव निघाले म्हणून लिहितो. तेथील पाणी तेव्हा नक्कवागू ओढ्यातून मांजरा नदीला मिळत होते, आणि मांजरा ही आपलीच लेक आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटावर ती उगम पावते, लातूर आणि बीदर करत तेलंगणात जाते, तेथे वळसा घेऊन उत्तरेकडे फिरते आणि निजामसागर ओलांडून पुन्हा आमच्या देगलूर-बिलोलीच्या शिवेवर येते. नदी माहेरी परत येताना काय काय घेऊन येते, हे आम्हांला कोणी सांगत नाही.

दुसरे म्हणजे, माझ्याकडे अकरा दुभती जनावरे आहेत. कासदाह झाला की डॉक्टर सडात औषधाची नळी सोडतात आणि ठरावीक दिवस दूध डेअरीला घालू नका असे बजावतात. ते दूध मी घालत नाही; उकिरड्याशेजारच्या खड्ड्यात ओततो. हा धागा वाचेपर्यंत मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होतो. ते खत शेतात गेल्यावर काय होते?

मफल भट्टी
काळी माती, तुम्ही प्रामाणिकच आहात. उत्तराचा अर्धा भाग तुमच्या टोपणनावातच आहे. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये असे डॉक्टर सांगतात, कारण ते दुधातील कॅल्शियमला धरून बसते. त्याच स्वभावामुळे ते चिकणमातीच्या थरांतही घट्ट अडकते, आणि आपली काळी जमीन म्हणजे अशा मातीचे कोठारच आहे. त्यामुळे ते विहिरीपर्यंत सहजी पोहोचत नाही. मात्र मातीतच राहून तेथील जिवाणूंच्या सहवासात काळ काढते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनही मातीला आणि गाळाला असेच चिकटते. सल्फामेथॉक्सॅझोल मात्र फारसे चिकटत नाही, ते पाण्याबरोबर चालू लागते.

वाळूज शिफ्ट बी
एका कारखान्याचे सांडपाणी केंद्र मी अकरा वर्षे चालवत आहे. कारखान्याचे नाव घेत नाही. प्रयोगशाळेतील मंडळींना एक विनंती आहे की, आमच्या टाकीतले पाणी एकदा बाटलीत भरून समोर ठेवून पाहावे. त्याचा रंग गुऱ्हाळातल्या उसाच्या रसासारखा असतो. त्यातून ऊन किती खोल जाणार? वरचा बोटभर थर सोडला तर खाली अंधारच आहे, आणि अंधारात तुमचा उत्प्रेरक म्हणजे नुसता गाळ. तो गाळ पुन्हा आम्हांलाच उपसायचा.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आधी निवळणे, नंतर हवा सोडून जिवाणूंकडून सेंद्रिय भार उतरवणे, नंतर गाळणे आणि जे काही खास करायचे ते सर्वांत शेवटी. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक मैलापाणी केंद्रांना सूक्ष्म प्रदूषके काढणारा जादा टप्पा बंधनकारक केला आहे. तेथेही हा टप्पा शेवटीच येतो, आणि त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरतात. सूर्यप्रकाशावरचे मोठे प्रयोग स्पेनमध्ये अल्मेरिया येथे झाले आहेत, तेही बहुतांशी परावर्तकांच्या नळ्यांत.

नियमांचे विचाराल तर, केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषधनिर्मिती कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा त्या मर्यादा गळून पडल्या होत्या. जे मोजणे बंधनकारक नाही ते कोणीही आपण होऊन मोजत नाही, एवढे मी शिफ्टमध्ये शिकलो आहे.

तांब्याभांडे
मग आर. ओ. बसवा आणि मोकळे व्हा.

वाळूज शिफ्ट बी
आर. ओ. औषध नाहीसे करत नाही, एका बाजूला गोळा करते. ते गोळा झालेले पाणी नंतर कोठे ओतणार?

नांदेडची विद्यार्थिनी
मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आहे. मफल भट्टी सरांनी मूलकांच्या 'आंधळ्या भुकेचा' उल्लेख केला, त्यावर माझा अनुभव सांगते.

डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊन मी प्रयोग केला. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचे, म्हणजे जे औषध नुसते भुकटीला चिकटणार आहे ते चिकटून जाते आणि त्याचे श्रेय उजेडाला मिळत नाही. नंतर बीकर विभागाच्या गच्चीवर उन्हात नेले. दोन तासांत वर्णपटमापकाच्या आलेखावरचा, औषधाची खूण असलेला २७५ नॅनोमीटरच्या आसपासचा शिखरबिंदू जवळजवळ सपाट झाला. मी घरी फोन करून सांगितलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आता हेच वसतिगृहाच्या बोअरच्या पाण्यात करून दाखव. तेवढ्याच वेळात निम्मेही औषध गेले नाही. आपल्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी किती जड असते, हे बादलीला धरलेल्या पांढऱ्या थरावरून सर्वांना माहीत आहे. त्या पाण्यातील बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गाठून खाऊन टाकते. शिवाय सांडपाण्यात औषध लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असते आणि साबण, लघवी, अन्नाचे अंश हे त्याच्या हजारो पट असतात. मूलकाने नेमका औषधाचाच रेणू का निवडावा?

तुरटी
बोअरच्या पाण्याने आमच्या पंपांचे जे केले, तेच आपल्या मूलकांचेही केले, हे वाचून समाधान वाटले.

मफल भट्टी
विद्यार्थिनीताईंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. आणखी एक गोष्ट जोडतो, कारण त्या गोष्टीने माझ्या प्रबंधाचे एक वर्ष खाल्ले. शिखरबिंदू सपाट झाला म्हणजे औषध संपले, असे नसते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूला एका बाजूस पायपराझीन नावाचे अणूंचे कडे असते. ते आधी तुटते. मधला क्विनोलोनचा गाभा शाबूत राहिला, तर त्या तुकड्यातही जिवाणूंना त्रास देण्याची थोडीबहुत क्षमता उरू शकते. टेट्रासायक्लिनचे तर असे आहे की ते उत्प्रेरकाशिवायही उन्हात मोडू लागते, त्यामुळे पुष्कळदा यश उन्हाचे असते आणि नाव भुकटीचे होते.

म्हणून आम्ही शेवटी एक जुनी साधी चाचणी केली. अगरच्या बशीत ई. कोलाय पसरायचे, मध्ये बुचाच्या छिद्रकाने खळगे पाडायचे आणि प्रत्येक खळग्यात वेगवेगळ्या वेळी काढलेला नमुना थेंबाथेंबाने सोडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवातीच्या नमुन्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, तेथे जिवाणू वाढलेलेच नसतात. दोन तासांच्या नमुन्याभोवती वर्णपटमापक 'संपले' म्हणत असताना लहानसे का होईना वर्तुळ होतेच. पाच तासांच्या खळग्याभोवती जिवाणू अगदी काठापर्यंत वाढलेले दिसले, तेव्हा आम्ही चहा मागवला. जिवाणू वाढले म्हणून आनंद होण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग.

वीस खाटा
ही चाचणी आमच्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही होऊ शकते. हे फार उपयोगाचे सांगितलेत. किती कमी औषध उरले म्हणजे चालते, याला काही आकडा आहे काय?

मफल भट्टी
औषधाला न जुमानणारे, म्हणजे प्रतिकारक्षम जिवाणूच तेवढे टिकून वाढू नयेत, या हेतूने २०१६ साली बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन यांनी अनेक प्रतिजैविकांसाठी अंदाजित मर्यादा मांडल्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी ती लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविके बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. परंतु एक खबरदारी घ्या: बशीतले वर्तुळ नाहीसे होणे म्हणजे पाणी या मर्यादेखाली आले, असा अर्थ होत नाही. त्यासाठी बशी पुरेशी संवेदनशील नाही.

तुरटी
०.०६४ मायक्रोग्रॅम हा आकडा पाहून कॅल्क्युलेटर काढला. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्या पातळीपर्यंत पातळ करायला सुमारे ७८ लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले, तर ७८० टँकर. एका गोळीला. दवाखान्याच्या नालीला मी झाडाची पत्ती म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयासाठी भारतीय मानक खाटेमागे दररोज ३४० लिटर पाणी धरते. वीस खाटांना ६,८०० लिटर झाले. ट्रेमध्ये पाणी ५ सेंटीमीटर खोल ठेवले, तर एका चौरस मीटरवर ५० लिटर मावते. दिवसाच्या उन्हात एकच भरणा होतो असे धरले, तर १३६ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेचौदाशे चौरस फूट ट्रे लागतील. उत्प्रेरक लिटरला अर्धा ग्रॅम या दराने ३.४ किलो लागेल. मफल भट्टींच्या १० ग्रॅमला ०.४ ग्रॅम या हिशेबाने त्यासाठी ८५ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. शिवाय मे महिन्यात ट्रेमधले सेंटीमीटरभर पाणी दिवसात वाफ होऊन जाईल आणि पावसाळ्यात ढगांची मर्जी सांभाळावी लागेल. रोज संध्याकाळी पाण्यातून ती पिठासारखी भुकटी परत काढणे हे वेगळेच काम. गच्ची किती मोठी आहे, डॉक्टर?

वीस खाटा
अठराशे चौरस फूट. त्यांत पाण्याच्या चार टाक्या, सोलर हीटर आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे वाळत घातलेले कपडे आहेत.

मफल भट्टी
भुकटी मोकळी न सोडता काचेच्या मण्यांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर बसवता येते, म्हणजे उपसण्याचे काम वाचते. मात्र पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग घटल्याने वेग मंदावतो. लोहाचे चुंबकीय ऑक्साइड मिसळून भुकटी चुंबकाने गोळा करण्याचीही रीत आहे. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात चांगले चालते म्हणून कोणी सुचवेल, तर त्याच्या नादी लागू नका. औषध काढता काढता पाण्यात कॅडमियम उतरायचे.

नांदेडची विद्यार्थिनी
डॉक्टर, सगळेच ६,८०० लिटर उन्हात नेण्याची गरज आहे काय? कपडे धुण्याचे आणि फरशी पुसण्याचे पाणी वेगळे काढले, तर उरते किती? आणि औषध सांडपाण्यात जाण्याच्या दवाखान्यातल्या वाटा एकदा मोजल्या आहेत काय?

वीस खाटा
ताई, तुमच्या प्रश्नावरून काल आमच्या वॉर्डात दिवसभर नुसता उभा राहिलो. लहान मुलाला सेफ्ट्रिॲक्सोन ४०० मिलिग्रॅम द्यायचे होते. कुपी एक ग्रॅमची. सिस्टरने पाणी घालून ती हलवली, लागेल तेवढे सिरिंजमध्ये ओढले, आणि उरलेले बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. तिची चूक नाही; बावीस वर्षांत मीच कधी काही सांगितलेले नाही. दिवसभरात अशा नऊ कुप्या मोजल्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत जायला हवीत, ती माझ्या बेसिनमध्ये जात होती. आजपासून बेसिनशेजारी पिवळी पिशवी टांगली आहे.

मफल भट्टी
चांगले केलेत. एक दिलासा असा की, सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या बीटा-लॅक्टम औषधांचे कडे पाण्यात तुलनेने लवकर उघडते. चिवट असतात ती क्विनोलोन. ट्रेचा प्रयोग करणार असाल, तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन यांच्यावरच करा.

वीस खाटा
सर्वांचे ऐकून असे ठरवले आहे. मोठा पसारा मांडणार नाही. सेप्टिक टँकनंतर वाळू-खडीची गाळणी आणि कर्दळीचा वाफा करून घेतो, कारण वाळूजच्या मित्रांनी सांगितलेला क्रम पटला. गच्चीवर फक्त तीन ट्रे ठेवीन: एकात गाळलेले पाणी आणि उत्प्रेरक, दुसऱ्यात नुसते गाळलेले पाणी, तिसऱ्यात उत्प्रेरक असूनही वर काळे प्लॅस्टिक. तिन्हींत मोजून सारखेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन टाकीन आणि प्रयोगानंतर हे पाणी नालीत न सोडता कोळशातून काढून वेगळे ठेवीन. नमुने दर तासाला काढून लॅबमध्ये बशीवर तपासतो आणि येथे कळवतो. कंपाउंडर मामांनी चौथ्या ट्रेमध्ये पापड वाळवण्याची परवानगी मागितली होती, ती नाकारली आहे.

धूळ आणि कबुतरे टाळण्यासाठी ट्रेवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकावा असा विचार आहे. फॅब्रिकेटर उद्या माप घ्यायला येणार आहे.

मफल भट्टी
त्याला आजच फोन करून थांबवा. पॉलिकार्बोनेट जवळजवळ सगळा अतिनील प्रकाश अडवते. खाली टायटॅनियम डायऑक्साइड ठेवलेत, तर तो दिवसभर उन्हात असूनही अंधारात बसेल. खिडकीची साधी पातळ काच चालेल, आणि कबुतरांसाठी वर जाळी.

तुरटी
काच घेणारच असाल, तर ट्रेला थोडा उतार द्या आणि तोटी खालच्या कोपऱ्यात बसवा. हे फॅब्रिकेटरला सांगितल्याशिवाय तो करत नाही.